मागून आणलेलं पुस्तक

आमच्या घरात दोन वस्तू मागून आणायला बंदी होती, एक इस्तरी आणि दुसरं पुस्तक. इस्तरीचं कारण क्वार्टरांच्या सगळ्या लाइनीला ठाऊक होतं. शेजारच्यांची इस्तरी आमच्या घरी आली आणि त्याच दिवशी जळाली, त्यावरून दोन बिऱ्हाडांत बोलणं बंद झालं होतं. पुस्तकाचं कारण मात्र अण्णा कधी सांगत नसत. अण्णा म्हणजे माझे वडील, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासणी विभागात कामाला. तिथं दिवसभर दुसऱ्यानं केलेली वस्तू उलटीपालटी करून बघायची आणि खोट निघाली तर बाजूला काढायची, आणि ही सवय ते घरीही घेऊन येत. भाकरीला पापुद्रा नीट सुटलाय का, इथपासून माझ्या प्रगतिपुस्तकावरच्या बाईंच्या सहीपर्यंत सगळं तपासलं जाई. "साखर माग, लिंबू माग, कुनाकडं लगीन असंल तर सतरंजी माग," ते म्हणायचे, "पर पुस्तक मागायचं न्हाई. पायजे तर इकत घ्यायचं. जमत नसंल तर थांबायचं." मी थांबणाऱ्यातली नव्हते. आजही नाही. या प्रकरणात पुढं जे घडलं ते त्याच्यामुळंच.

क्वार्टर म्हणजे दोन खोल्या आणि मागं मोरी. सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की अख्ख्या लाइनीत स्टोव्ह, नळ आणि सायकलींच्या घंट्या एकदम सुरू होत. दुपारी कधीमधी लांबवर चाचणीचा बार उडायचा आणि मांडणीतली ताटं एकमेकांना लागून किणकिणायची. पाहुणे दचकायचे, आमच्या हातातला घास थांबायचासुद्धा नाही. त्या मांडणीबद्दल सांगितलं पाहिजे. आईनं ती भिशी लागली तेव्हा घेतली होती, चकचकीत स्टीलची, आणि तिचा तोरा महिनाभर लाइनीत मिरवला होता. मग अण्णांनी तिच्या वरच्या दोन फळ्या पुस्तकांसाठी काढून घेतल्या. घरात लोखंडी कपाट होतं, पण कपड्यांत ठेवलेलं पुस्तक विसरलं जातं असं अण्णांचं म्हणणं. स्वयंपाकघरात माणूस दिवसातून तीनदा बसतो, तेव्हा पुस्तकं तिथंच हवीत. त्यामुळं आमच्या घरातल्या प्रत्येक पुस्तकाला फोडणीचा वास होता. सुक्या बोंबलाची चटणी झाली की तो वास आठवडाभर पानांतून निघायचा नाही, आणि मी पाचवीत असताना एका थोर ग्रंथातून मला लसणाचं साल मिळालं होतं. आई वाचायला शिकलेली नव्हती, पण कुठलं पुस्तक कुठं आहे हे जाडीवरून अचूक सांगायची. "एवढी इद्या वर मांडलीय," ती तवा कुठं टेकवावा हे शोधत म्हणायची, "आन् माझा तवा मोरीत झोपतोय."

पुस्तकं घरात यायची ती जयंतीच्या आणि बुद्धपौर्णिमेच्या दिवशी. मैदानावर मांडव पडायचा, गाण्यांचा कर्णा सकाळपासून सुरू, बायका पांढऱ्या साड्यांत, आणि मांडवाच्या कडेनं पुस्तकांच्या चादरी पसरलेल्या. ज्या घरात खीर होणार त्या घरात पुस्तक येणार, असा आमच्या लोकांचा रिवाज होता. ज्याला वाचता येत नव्हतं तोही एखादं पातळ पुस्तक घेऊन जायचा आणि मुलाच्या हातात द्यायचा. ज्यांची तसबीर आमच्या भिंतीवर होती त्यांनी पुस्तकांसाठी घर बांधलं, ही गोष्ट आम्हाला राजाराणीच्या गोष्टींच्या आधी सांगितलेली. अण्णा घरी आले की हातपाय धुवायचे, जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूचं कव्हर घालायचे आणि पहिल्या पानावर नाव लिहून त्याखाली लिहायचे, 'स्वकमाईतून'. मग कानावरची शिसपेन्सिल काढून वाचायला बसायचे. पटलं की सरळ रेघ, पटलं नाही की नागमोडी, आणि फारच झोंबलं तर समासात उत्तर आणि खाली पूर्ण सही. पुस्तकात सही कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. "बिनसहीचं बोलनं म्हंजी पाठीमागं बोलनं," ते म्हणाले.

मागून न आणण्याचं कारण मला आईकडून कळलं, तेही माझं डोकं विंचरता विंचरता. अण्णांचं गाव नीरेच्या काठचं. तिथं मास्तरांच्या घरी पुस्तकांचं कपाट होतं आणि अण्णा लहानपणी तिथं पुस्तक मागायला जात. मास्तर नाही म्हणत नसत, हे आई आवर्जून सांगायची. पुस्तक ओट्याच्या कडेला ठेवलं जाई, अण्णांनी ते उचलायचं. वाचून झालं की परत तिथंच ठेवायचं आणि लांब उभं राहायचं. मग मास्तरांची आई तांब्या घेऊन यायची, पुस्तकावर पाणी शिंपडायची आणि मग ते घरात जायचं. एक पुस्तक अण्णांना इतकं आवडलं की त्यांनी ते पुन्हा पुन्हा मागून नेलं. प्रत्येक वेळी पाणी. शेवटी त्याची पानं फुगली आणि पुस्तक मिटेनासं झालं. तेव्हा मास्तर म्हणाले, "वाचून वाचून तू पुस्तकाचं वाटोळं केलंस. आता मागायला येऊ नकोस." आई एवढं बोलली आणि माझी वेणी इतकी घट्ट ओढली की डोळ्यांत पाणी आलं. मी त्या मास्तरांना मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिता येणार नाहीत, पण त्यातली एकही मी परत घेतलेली नाही.

हे सगळं समजत होतं, तरी माझं पोट भरत नव्हतं. वर्षातून दोन-तीन पुस्तकं घरात यायची आणि ती मी दोन दिवसांत फस्त करायची. मांडणीतलं सगळं इतक्या वेळा वाचून झालं होतं की अण्णांच्या नागमोडी रेघासुद्धा मला पाठ होत्या. मी शिवाजीनगरच्या पलीकडं कॉलेजात जाऊ लागले होते आणि त्या दिवसांत शहरात सगळीकडं एकच शब्द ऐकू यायचा, कंप्युटर. भिंतींवर क्लासच्या जाहिराती, कारखान्यात सरकारी नोकऱ्या आता राहणार नाहीत अशी कुजबुज, आणि लाइनीतला प्रत्येक बाप आपल्या पोराला धरून कुठल्यातरी क्लासला नेत होता. माझा धाकटा भाऊ राहुल बारावी होण्याआधीच एकाला चिकटला. त्यानं बुधवार पेठेतून विटेएवढं जाड इंग्रजी गाइड आणलं. अण्णांनी त्यालाही कॅलेंडरचं कव्हर घातलं आणि पेन्सिल घेऊन वाचायला बसले. पहिल्या पानाच्या समासात त्यांनी एक प्रश्नचिन्ह काढलं, खाली सही केली आणि पुस्तक राहुलला परत दिलं. राहुल मला म्हणायचा, "ताई, स्टोरीबुक्स वाचून जॉब मिळत नाही. फ्यूचर इकडं आहे." त्याचं चुकलं नव्हतं. मीही पुढं सॉफ्टवेअर कंपनीतच शिरले आणि तिथंच निवृत्त झाले, टेस्टिंगमध्ये. दुसऱ्याच्या कामातली चूक लेखी कळवायची आणि खाली आपलं नाव टाकायचं, याचा मला चांगला पगार मिळायचा. अण्णांनी पुस्तकांवर हेच काम आयुष्यभर फुकट केलं.

तर मी वाचनालयाची सभासद झाले. चोरून नाही, सांगून. पेठेतलं ते जुनं वाचनालय कॉलेजच्या वाटेवर होतं. सभासद व्हायला जुन्या सभासदाची सही लागायची, ती कॉलेजातल्या मराठीच्या बाईंनी दिली. अनामत मी लाइनीतल्या पोरांच्या शिकवण्या घेऊन जमवली. पहिलं पुस्तक घेऊन घरी आले आणि सरळ अण्णांच्या पुढ्यात ठेवलं. "मागून आणलंय," मी म्हणाले. "मी वर्गणी भरते. ही भीक नाही, माझा हक्क आहे." अण्णांनी त्या पुस्तकाला हात लावला नाही. "तुझा हक्क तुझ्या पिशवीत ठिव," ते म्हणाले, "मांडणीवर न्हाई." त्यानंतर बरेच दिवस त्यांचं माझ्याशी बोलणं आईमार्फत चालायचं. "तुझ्या लेकीला सांग, बस चुकंल." लेक समोरच जेवत असायची. मीही आईमार्फतच उत्तर द्यायची. आई आमटी वाढता वाढता दोघांकडं बघायची आणि म्हणायची, "माझा काय टेलिफोन केलाय का तुमी?" पण मी वाचनालय सोडलं नाही. पिशवी खिळ्याला लटकायची, पुस्तकं येत-जात राहायची. उंच खिडक्या, कपाटांना लावलेल्या औषधाचा उग्र वास, पंख्याची करकर, आणि हवं ते कपाट उघडून हवं ते काढायचं, कुणी ओट्यावर ठेवून देणार नाही. त्या जागेत मी जशी मोकळी व्हायची तशी घरीही होत नव्हते. सोडायचं म्हटलं असतं तर मी जेवणं सोडलं असतं.

काही महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की पिशवीचा बंद मी अडकवते तसा नसतो. अण्णांची पाळी दुपारची असली की सकाळी ते घरी असायचे आणि मी कॉलेजात. मी आईकडं बघितलं तर तिनं कढईत तोंड घातलं. "मला काय इचारू नको," ती म्हणाली, "वाचनारा मानूस हाय, घरात पुस्तक टांगल्यावर करंल काय." मग मी काही बोलले नाही. उलट अण्णांना आवडतील अशी, जरा मोठ्या टायपाची पुस्तकं आणायला लागले. ते वाचतात हे मला ठाऊक आहे, हे त्यांनाही ठाऊक असावं, पण बोलायचं कुणी नाही. आमच्या घरात समेट असाच व्हायचा. एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात आलीच नाही. अण्णांनी उभ्या हयातीत, ती लहानपणची पुस्तकं सोडली तर, दुसऱ्याचं पुस्तक वाचलं नव्हतं. वाचायला बसलं की पेन्सिल चालणारच, डोळ्याबरोबर तीही ओळीवरून फिरणार. ज्याच्या घरी सगळी पुस्तकं स्वतःचीच, त्याला दुसऱ्याचं पुस्तक वेगळ्या रीतीनं वाचायचं असतं हे कुठून माहीत असणार.

तोवर अण्णा पिशवीपाशी उभ्यानंच वाचत असावेत, म्हणून कुठल्या पुस्तकात रेघ दिसली नव्हती. मग बसून वाचावं असं एक पुस्तक आलं, एका जुन्या लेखकाच्या गावाकडच्या आठवणींचं. परीक्षा जवळ आलेली, त्यामुळं मी त्याची पहिली चार पानं वाचली आणि मुदत संपली म्हणून परत न्यायला निघाले. वाचनालयाच्या टेबलावर लेलेबाई बसायच्या. तिथल्या ग्रंथपाल. केस चापून बसवलेले, चष्मा साखळीला अडकवलेला, आणि आवाज कधी चढायचा नाही पण समोरच्याला सरळ उभं करायचा. परत आलेलं प्रत्येक पुस्तक त्या सभासदाच्या देखत चाळायच्या. अंगठ्यानं पानं सोडत जायच्या आणि दुमडलेला कोपरा, चहाचा डाग, विसरलेलं बसचं तिकीट, काहीही त्यांच्या नजरेतून सुटायचं नाही. मोठमोठे प्राध्यापक त्या वेळी शाळकरी पोरांसारखे उभे असायचे. त्या दिवशी त्यांचा अंगठा थांबला. पुन्हा मागं गेला. पुन्हा थांबला.

"हे काय आहे?"

मी वाकून बघितलं. सरळ रेघा, नागमोडी रेघा, पानामागून पान.

"मी नाही केलं," मी म्हणाले.

"मग पुस्तकानं स्वतःच्या हातानं केलं असेल."

"माझ्या वडिलांनी केलं असणार."

"वडील सभासद आहेत?"

"नाही."

"म्हणजे सभासद व्हायचं नाही आणि पेपर मात्र तपासायचे. छान आहे." त्यांनी ड्रॉवर उघडला आणि एक पांढरा रबर काढून माझ्यापुढं ठेवला. "पेन्सिल आहे म्हणून वाचलात. शाई असती तर नवी प्रत मागितली असती, आणि हे पुस्तक आता छापत नाहीत. ते तिथं बाक आहे. सगळं खोडा, झटका, आणि मग दुसरं पुस्तक घेऊन जा."

मी बाकावर बसले आणि मुकाट्यानं खोडायला लागले. मला राग अण्णांचाच आला होता. रबराचा भुगा मांडीवर पडत होता आणि मी एकामागून एक रेघ घालवत होते, वाचत नव्हते. मग एका पानावर समासात अण्णांचं अक्षर दिसलं, तिरपं, दाबून लिहिलेलं, आणि खाली पूर्ण सही, क्वार्टर नंबरासकट. रबर टेकवण्याआधी मी शेजारचं छापलेलं वाक्य वाचलं. लेखकानं आपल्या गावाचं सुखाचं वर्णन केलं होतं आणि लिहिलं होतं, 'वेशीबाहेरची ती माणसं आपापल्या कामात सुखी होती. कुणाची कसली तक्रार म्हणून कधी ऐकली नाही.' त्याच्यासमोर अण्णांनी लिहिलं होतं, 'तक्रार होती. कुणी विचारलं नाही.'

मला ओटा दिसला, तांब्या दिसला, लांब उभा असलेला मुलगा दिसला. मी ते पान तसंच उलटलं, उरलेली पानं तपासली, बाकीच्या सगळ्या रेघा खोडल्या आणि पुस्तक टेबलावर नेऊन ठेवलं.

"एक जागा सोडून सगळं खोडलंय," मी म्हणाले.

लेलेबाईंनी ते पान काढलं. "हे राहिलं की."

"ते खोडणार नाही."

"का?"

"ते उत्तर आहे."

"लेखकाला उत्तर द्यायचं असेल तर पोस्ट ऑफिस समोरच आहे. पुस्तक सगळ्यांचं असतं. पुढच्या वाचकाला स्वच्छ पान मिळालं पाहिजे."

"पान स्वच्छ नाहीच आहे, बाई. छापलंय ते वाचा."

त्यांनी चष्मा लावला आणि वाचलं. मग समासातलं वाचलं. मग पुन्हा छापलेलं वाचलं. माझ्या मागं रांग झाली होती आणि कुणीतरी खाकरलं. "छापलंय ते लेखकाचं," त्या शेवटी म्हणाल्या, "त्याचं मी काही करू शकत नाही. लिहिलंय ते तुमच्या वडिलांचं, आणि नियम सगळ्यांना सारखा आहे. इथं प्राध्यापकांनासुद्धा मी रबर देते. खोडणार नसाल तर कार्ड ठेवा. तयारी झाली की या, तोवर पुस्तक माझ्याच टेबलावर राहील." मी त्यांच्याकडं बघितलं. त्या दुष्ट नव्हत्या. त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं, आणि म्हणूनच मला जास्त संताप आला. एका घासण्यात ती दोन वाक्यं गेली असती आणि सगळी कपाटं पुन्हा माझी झाली असती. मी कार्ड काढून टेबलावर ठेवलं. ते आजतागायत मी परत घेतलेलं नाही.

घरी आले तेव्हा अण्णा जेवायला बसले होते, ताटात वाटाण्याची उसळ आणि भाकरी. मी आईमार्फत वगैरे काही न बोलता सगळं थेट सांगितलं. अण्णांचा घास हातातच राहिला. "पुस्तकात लिवायचं नसतंय का?" त्यांनी विचारलं, आणि त्यांचा चेहरा असा पडला की मला माझा राग कुठं ठेवावा कळेना. मग ते सावरले आणि चिडले. "मग खोडायचं व्हतंस! चार शब्दांपायी कार्ड घालवलंस? म्हनून सांगत व्हतो इकत घ्यावं. आपल्या पुस्तकात काय बी लिवावं, कुनाच्या बापाची भीती न्हाई."

"आणि ते वाचणार कोण, अण्णा?" मी ओरडलेच. अण्णांवर मी त्याआधी कधी ओरडले नव्हते. "इतकी वर्षं तुम्ही मांडणीतल्या पुस्तकांत उत्तरं लिहिली. कुणी वाचली? मी वाचली, राहुलनं वाचली, आणि झुरळांनी. विकत घेतलेलं पुस्तक कुणी परत मागत नाही, खरंय. पण कुणी वाचायलाही मागत नाही. तिथलं पुस्तक अनोळखी माणूस उघडतो. ज्याला आपण ठाऊकसुद्धा नाही तो उघडतो. त्याला दिसलं पाहिजे की तक्रार होती. तुम्ही पहिल्यांदा योग्य जागी लिहिलंत आणि मी ते खोडू?"

आई चुलीपाशी, म्हणजे शेगडीपाशी, भाकरी थापत होती. अण्णांनी पाण्याचा गडू उचलला, पुन्हा ठेवला. मग त्यांनी विचारलं, "त्या बाईंनी पुस्तकावर पानी शिंपडलं का?"

"नाही. रबर दिला."

"रबर समद्यांना देतात का आपल्यालाच?"

"सगळ्यांना. प्राध्यापकांनाही."

अण्णांनी मान हलवली आणि थांबलेला घास तोंडात घातला. "मंग ठीक हाय," ते म्हणाले, "मंग त्यांच्याशी बोलता येतंय."

पुढच्या शनिवारी ते लग्नकार्याला घालायचा कडक इस्तरीचा शर्ट घालून माझ्याबरोबर निघाले. मराठीच्या बाईंची सही मी आदल्या दिवशीच आणली होती. वाचनालयाच्या पायरीपाशी ते क्षणभर थांबले, चपला काढायच्या का म्हणून. मी नको म्हणाले. टेबलापाशी जाऊन त्यांनी लेलेबाईंना नमस्कार केला नाही, सरळ बोलायला लागले. "पुस्तकात लिवलं ही माझी चूक हाय. नियम तुमचा बरोबर हाय. लिवलेलं मातुर बरोबर हाय, ते मी मागं घेनार न्हाई. आता मला सभासद करून घ्या."

"म्हणजे अजून पुस्तकं तपासायला?"

"पेन्सिल घरी ठिवीन. पुस्तकात काय खोटं घावलं तर हितं येऊन तुम्हाला तोंडी सांगीन."

"आम्हाला इथं कामं असतात."

"मी थांबीन," अण्णा म्हणाले.

लेलेबाईंनी त्यांच्याकडं नीट बघितलं, त्यांचे कागद घेतले आणि शिक्का मारला. कुठलं पुस्तक हवं, असं विचारल्यावर अण्णांनी त्यांच्या टेबलावर पडलेल्या त्याच पुस्तकावर बोट ठेवलं. "ते दुरुस्तीत आहे," बाई म्हणाल्या. "माझ्यापायीच हाय ते," अण्णा म्हणाले, "आन् माझं निम्मंच वाचून झालंय." सभासदाला पुस्तक नाकारायचा नियम नव्हता. बाईंनी ते त्यांच्या नावावर लिहिलं आणि बजावलं, "पुढच्या शनिवारी. आणि त्या पानाचं काय करायचं ते ठरवून या." बाहेर पडताना अण्णांनी पुस्तक हातातच धरलं होतं, पिशवीत टाकायला तयार नव्हते. मागून आणलेलं पुस्तक भर रस्त्यातून असं छातीशी धरून नेणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

आता धायरीच्या माझ्या फ्लॅटमध्ये बसून मी हे लिहिते आहे. राहुलच्या घरी पुस्तकांचं एकही कपाट नाही. त्याच्या फोनमध्ये म्हणे हजारो पुस्तकं आहेत, आणि तो मला अजूनही सांगत असतो की ताई, हे सगळं तुला फ्री आहे. असेल. पण त्यातल्या एकाही पानाच्या समासात मला कुणा अनोळखी माणसाची सही दिसलेली नाही. विकत घ्यावं की मागून आणावं, असं मला तरुण मुलं विचारतात, आणि मी दोन्ही सांगते. घरात आपलं असं पुस्तक हवंच, ज्याच्यावर कुणी पाणी शिंपडू शकणार नाही. पण तेवढ्यानं भागत नाही, सगळ्यांच्या पुस्तकांपर्यंतही गेलं पाहिजे आणि तिथं आपलं म्हणणं मांडलं पाहिजे. अण्णा त्या वाचनालयात पुढं पाय चालेनासे होईपर्यंत जात राहिले. त्यांच्या कार्डावर मी हवं ते वाचलं. दर शनिवारी ते टेबलापाशी तोंडी तक्रार नोंदवायचे, आणि निम्म्या वेळा लेलेबाई त्यांना म्हणायच्या, "पान उलटा, पुढं लेखकानं तेच म्हटलंय," आणि अण्णांना माघार घ्यावी लागायची. घरी येऊन हे ते आईला हसत सांगायचे. पण मला सांगायचा आहे तो पहिला शनिवार, ते पुस्तक परत न्यायचा.

त्या दिवशी गर्दी होती. सुट्टीची दुपार, रांग दारापर्यंत गेलेली. आमचा नंबर आला तेव्हा अण्णांनी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि स्वतःच ते पान काढलं. "हे खोडणार का?" लेलेबाईंनी रबर पुढं केला. अण्णांनी रबर घेतला नाही. त्यांनी पुस्तक उचललं, चष्मा सारखा केला आणि वाचायला लागले. हळू नाही. कारखान्यात यंत्रांच्या आवाजावर बोलायची सवय असलेला तो आवाज. 'वेशीबाहेरची ती माणसं आपापल्या कामात सुखी होती,' त्यांनी वाचलं, 'कुणाची कसली तक्रार म्हणून कधी ऐकली नाही.' वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांनी माना वर केल्या. मग अण्णांनी पुस्तक मिटलं आणि रांगेकडं वळून म्हणाले, "तक्रार व्हती. कुनी इचारलं न्हाई. मी त्या वेशीबाहेरचा हाय, म्हनून सांगतो."

लेलेबाईंनी मागच्या भिंतीवरच्या पाटीकडं बोट केलं. 'शांतता राखा.'

अण्णांनी पाटी वाचली. "राखली की, बाई," ते म्हणाले. "लई वरसं राखली."

रांगेतलं कुणी खाकरलं नाही. लेलेबाईंनी पुस्तक आपल्याकडं ओढलं. नेहमीसारखी त्याची सगळी पानं अंगठ्यानं सोडली, त्या पानावर थांबल्या, आणि सोडून पुढं गेल्या. पुस्तक मिटलं. रबर ड्रॉवरमध्ये टाकला. मग खुर्चीवरून उठून त्यांनी ते पुस्तक स्वतः कपाटात नेऊन ठेवलं, बाकीच्या आठवणींच्या पुस्तकांत, कुणालाही काढता येईल अशा उंचीवर. परत येऊन बसल्या, चष्मा पुसला आणि आमच्या खांद्यावरून रांगेकडं बघत म्हणाल्या, "हं, पुढचे कोण?"